दहावीची मार्कशीट आणि आखाताची वाट



दुबईच्या नोकरीबद्दल दोन शब्द बोल, असं संयोजकांनी सांगितलं. उंच इमारती तुम्ही मोबाइलवर रोज पाहता, त्यामुळे त्यांचं वर्णन करत नाही. आपल्या वाशीम, रिसोड, कारंज्याच्या ज्या पोरांना आखातात कामाला जायचं आहे, त्यांच्या उपयोगाचं बोलते.

दहावीच्या निकालाच्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "मार्कशीट जपून ठेवा." ती पासपोर्टलाही लागते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! जो दहावी पास नाही, त्याचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' प्रकारचा असतो. म्हणजे आखाती देश धरून अठरा देशांत नोकरीला जाताना, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागते. मी इंजिनिअर, मला ती कधी लागली नाही. ही गरिबाची अडवणूक आहे, असंच मला वाटायचं.

२०२२ साली एका रात्री फोन आला. आपल्याच एका वर्गमित्राचा धाकटा भाऊ होता. "ताई, तीन महिने झाले, पगार नाही. पासपोर्ट मालकाजवळ आहे." मी विचारलं, "करारपत्र आहे का?" तो म्हणाला, "मले काहीच नाही देलं, ताई."

तो दहावी नापास. परवानगीची कटकट नको म्हणून एजंटने त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवलं आणि दीड लाख घेतले. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेताच येत नाही. परवानगी घेऊन गेला असता, तर करार सरकारच्या 'ई-मायग्रेट' यंत्रणेत नोंदला गेला असता. दोन वर्षांच्या २७५ रुपये हप्त्यात दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळाला असता.

तिथे कायदा नाही, असं समजू नका. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही, भरतीचा खर्चही त्याच्याकडून वसूल करता येत नाही. पण हा मुलगा कागदोपत्री कामगार नव्हताच, पर्यटक होता. भारतीय वाणिज्य दूतावासाच्या मदतीने पासपोर्ट सुटला आणि तो घरी आला. तीन महिन्यांचा पगार मात्र बुडाला तो बुडालाच.

शिकलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. माझ्या शेजारच्या टेबलावर एक लेबनीज इंजिनिअर होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये लेबनॉनच्या माहितीमंत्र्यांचं येमेनच्या युद्धाबद्दलचं एक वक्तव्य गाजलं. सौदीने लेबनॉनच्या राजदूताला देश सोडायला सांगितलं, अमिरातीने आपले अधिकारी परत बोलावले. डिसेंबरमध्ये त्या मंत्र्यांनी राजीनामा दिला. मधले पाच आठवडे हा गृहस्थ रोज बातम्या पाहून घाबरायचा. त्याची बचत २०१९ पासून बैरूतच्या बँकेत अडकलेली. नोकरी गेली तर परतायचं कुठे? स्वतःची काही चूक नसताना, केवळ दोन सरकारांच्या भांडणामुळे माणूस असा टांगणीला लागतो.

त्या बाबतीत आपण नशीबवान. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानांनी मायदेशी आणलं गेलं. अडकलेल्या गरजूंसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. आपलं सरकार पाठीशी उभं राहू शकतं, पण आपण तिथे कुठे आणि कोणाकडे कामाला आहोत, हे त्याला माहीत असलं पाहिजे. ज्या परवानगीला मी अडवणूक म्हणत होते, ती खरं तर हीच नोंद आहे.

म्हणून गावातला कोणी निघाला, तर त्याला अडवू नका. चार गोष्टी विचारा. एजंट नोंदणीकृत आहे का? व्हिसा नोकरीचाच आहे का? कराराची प्रत घरी ठेवली का? विमा काढला का? आणि पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो मालकाच्या कपाटात ठेवायचा नसतो, हेही सांगा.

त्या मुलाने यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. परवा मला म्हणाला, "ताई, गणिताचं तेवढं पाहून घ्या." आपल्यापैकी जे इथेच राहतात, त्यांनी आठवड्यातून एक तास त्याला द्यावा, एवढंच मागणं आहे.