लेकीचं हेलिकॉप्टर आणि घरचा हिशेब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'करिअर मार्गदर्शन' असा विषय दिला होता. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि त्या क्षेत्राबद्दल तुमच्या मुलांना माझ्याइतकीच माहिती असते. म्हणून परवानगी घेऊन विषय जरा बदललाय. आमच्या घरात गेली काही वर्षं ज्या गोष्टीचा अभ्यास चाललाय, त्याबद्दल बोलते. आमच्या लेकीला हेलिकॉप्टर चालवायचंय.

हसू नका. आपण नाशिकरोडची माणसं. गांधीनगरला आर्मीचं हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारं केंद्र आहे, त्यामुळे डोक्यावरचा तो धडधडाट आपल्याला नवा नाही. २०२२च्या मे महिन्यात त्याच केंद्रातून कॅप्टन अभिलाषा बराक बाहेर पडल्या, आर्मी एव्हिएशनमधल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून. त्याही इंजिनिअर. त्या वेळी आमची लेक दहावीच्या निकालाची वाट बघत होती. पेपरमधला तो फोटो तिनं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो अजून तिथेच आहे.

आता आकडे. नागरी हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, वय १८ पूर्ण लागतं, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हे विषय सुटले असतील तर मुक्त विद्यालयातून देता येतात, त्यामुळे कॉमर्सच्या मुलांनी लगेच हात टेकायचं कारण नाही. डीजीसीएचे पेपर असतात: हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, तांत्रिक. पास व्हायला ७० टक्के. आणि हेलिकॉप्टरवर दीडशे तास उड्डाण.

खर्च सगळा त्या दीडशे तासांत आहे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलसारखा सरसकट भाव नसतो. संस्था कोणती, यंत्र कोणतं, देशात की परदेशात, डॉलर कुठे आहे, यावर आकडा हलतो. तासाचा दर सांगतात तेव्हा त्यात इंधन, शिक्षक, परीक्षेचं उड्डाण, राहणं धरलंय का, हे एकेक विचारून लिहून घ्यावं लागतं. आणि सगळे पैसे आधी भरायचे नाहीत, टप्प्याटप्प्यानं. यंत्र दुरुस्तीला गेलं की शिकणारी मुलं महिनोन्‌महिने नुसती बसून राहतात.

पहिलं कोटेशन आलं त्या रात्री माझे सासरे, वय ७४, जेवता जेवता म्हणाले, "पाऊण एकर काढली तर भागेल का गं?" दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. त्यांनी स्वतः लावलेली. लेकीच्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, "आबा, बागेला आत्ता हात लावायचा नाही. आधी जे स्वस्तात कळतंय ते कळून घेऊ."

स्वस्तात कळणारी पहिली गोष्ट म्हणजे वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय, रंग ओळखता येतात का. नागरी क्षेत्रात चष्मा चालतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मुद्दा असा, की ही तपासणी काही हजारांत होते आणि ती नापास झाली तर पुढचे सगळे लाख वाचतात. तरी कित्येक घरांत आधी प्रवेश घेतात, फी भरतात, आणि मग डॉक्टरकडे जातात. आमच्या लेकीनं दोन्ही तपासण्या पार केल्या, मग पेपरांना बसली. दोन निघालेत. पेपरचा खर्च पुस्तकांचा आणि परीक्षेच्या फीचा. बाग शाबूत.

आता 'नाही जमलं तर काय' हा भाग. माझ्या नवऱ्यानं हौसेनं यादी केली होती: हवाई दल, नौदल, तटरक्षक दल, एअर ट्रॅफिक कंट्रोल. चार पर्याय, छान रंगीत तक्ता. मी पेन घेऊन चारांपुढे एकच शब्द लिहिला, मेडिकल. प्रत्येकाचे निकष वेगळे, सैन्यात तर उंची आणि पायांची लांबीसुद्धा मोजतात, पण उद्या तिच्या कानाला किंवा हृदयाला काही झालं तर हे चारही दिवे एकदम जातील, कारण तार एकच आहे. आमच्या धंद्यात आम्ही हेच शोधत असतो. दोन सर्व्हर ठेवले आणि दोघांना वीज एकाच बोर्डातून, तर तो एकच सर्व्हर. आणि वैमानिकाची तपासणी एकदाच होऊन संपत नाही, नोकरी असेपर्यंत ठरावीक काळानं होतच राहते. चाळिशीतही परवाना खाली ठेवायची वेळ येऊ शकते.

म्हणून दुसरी तार शोधली. ती सध्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यावरून घरात दोन महिने अबोला होता, तिला अठराव्या वर्षीच उडायला जायचं होतं. "तू माझ्या स्वप्नाला इन्शुरन्स काढतेयस," म्हणाली. मी म्हटलं, "हो, आणि हप्ता मीच भरतेय." पदवी असली की हेलिकॉप्टरच्या जगातच जमिनीवरची कामं आहेत. देखभाल अभियंत्याचा परवाना आहे, त्यात टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी वेगळा वर्ग असतो, आणि तिथे वैमानिकाची ती क्लास वन तपासणी आड येत नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरचं काम आहे. त्याला डीओ-१७८सी म्हणून मानक आहे, ए ते ई असे पाच स्तर, आणि ए म्हणजे ज्यातली चूक विमान पाडू शकते. आपल्याकडे तर ओझरला एचएएल आहे. पण मी तिला एकच अट घातली: पर्याय असा निवड की तो करताना रोज रडू येणार नाही. नुसता कागदावर असलेला पर्याय कामाचा नाही.

हेलिकॉप्टरवालेही असंच शिकतात बरं का. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असा आपला समज. तसं नाही. वैमानिक पात्यांचा कोन लगेच कमी करतो, हलक्या यंत्रात हातात एक-दोन सेकंदच असतात, आणि खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर त्याच फिरत्या पात्यांच्या जोरावर अलगद टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि ते शिकाऊ असतानाच पुन्हा पुन्हा करून घेतात. मात्र त्याला उंची तरी लागते, नाहीतर वेग तरी. दोन्ही नसतील असा एक पट्टा असतो, तिथे काहीच करता येत नाही. वैमानिक त्या पट्ट्यात रेंगाळत नाहीत. हे तिनंच मला स्वयंपाकघरात समजावलं, हातात उलथनं धरून.

पैशाचाही तसा पट्टा आहे, आणि तो परवाना मिळाल्यानंतर येतो. देशात नागरी हेलिकॉप्टरं काहीशेच. त्यांवर बसायला सैन्यातून निवृत्त झालेले, हजारो तासांचे वैमानिक उभे. तिथे दीडशे तासांची मुलगी कोण घेणार? नव्या माणसाला शिरकाव मिळाला तर तो सहवैमानिक म्हणून, जिथे दोन वैमानिक लागतात तिथे. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे जाणारी कामं त्यातली, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. त्यासाठी बुडत्या हेलिकॉप्टरमधून पाण्याखाली सुटका करून घ्यायचंही प्रशिक्षण असतं. शिवाय प्रत्येक प्रकारच्या यंत्राचं रेटिंग वेगळं, त्याचा खर्च वेगळा. अमेरिकेत मुलं शिक्षक होऊन तास जमवतात, पण आपली मुलं विद्यार्थी व्हिसावर जातात, त्यांना तशी नोकरी गृहीत धरता येत नाही, आणि परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यायला पुन्हा पेपर. आमच्या हिशेबात म्हणून एक ओळ आहे: 'परवान्यानंतर दोन वर्षं, पगार शून्य.' एजंटांच्या माहितीपत्रकात ही ओळ मला एकदाही दिसली नाही.

म्हणून सध्याचा क्रम असा. एनडीएचे दोन प्रयत्न झाले, लेखी निघाली नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी एएफकॅट, हवाई दलाच्या उड्डाण शाखेला वय २० ते २४. निवड झाली तर १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन. फुकट तास मिळतात म्हणून मात्र कुणी तिकडे जाऊ नये. ती सैनिकाची नोकरी आहे. १९९९ साली गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन कारगिलवर चीता उडवत होत्या, ते तास मोजायला नव्हे. तिथे नाही झालं, तर नागरी मार्ग, आणि तेव्हा बागेचा विषय पुन्हा निघेल. किती काढायची, कर्ज किती, हे आबा, लेक आणि आम्ही दोघं एकत्र बसून ठरवणार. वरची मर्यादा मात्र आत्ताच लिहून ठेवलीय, आणि राहतं घर त्यात नाही.

भीतीबद्दल विचारणार तुम्ही. १५ जून २०२५, रविवार. केदारनाथजवळ हेलिकॉप्टर पडलं, वैमानिकासह सातजण गेले. मी टीव्ही बंद केला. तिनं तो परत लावला. नंतर कितीतरी वेळ ती त्या दरीचा नकाशा, ढगांची उंची, उड्डाणाची वेळ बघत बसली होती. रात्री म्हणाली, "आई, न उडणं हाही निर्णय असतो, आणि तो घेता यायला हवा." मी त्यावर काही बोलले नाही. हवामानाचा पेपर मात्र तिनं त्यानंतरच काढला.

आबांनी यंदाही बागेची छाटणी स्वतः उभं राहून करून घेतली. घड चांगले लागलेत.

आता एक काम. आपल्यापैकी कुणाच्या नात्यात, ओळखीत जुहूला हेलिकॉप्टरवर काम करणारं कुणी असेल, वैमानिक, मेकॅनिक, कुणीही, तर मला जेवणाच्या वेळी गाठा. दोन वर्षांच्या त्या शून्य पगाराबद्दल मला खूप प्रश्न विचारायचेत. मी जिलेबीच्या टेबलाजवळ असेन.