कांद्याचे बी सादळू नये म्हणून : पाणी शोषणारे मणी



कांद्याचे बी एप्रिल-मे महिन्यांत हाती येते आणि रब्बीची रोपे टाकायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या पावसाळ्यात कापडी पिशवीतले बी सादळते. हे बी मुळातच अल्पायुषी. मग गादीवाफ्यावर रोप विरळ उगवते आणि ऐन लागणीच्या वेळी दुसऱ्याकडून महाग रोप घ्यावे लागते. बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. हवाबंद डब्यातील कांदा बियाण्यासाठी प्रमाणीकरणाची मर्यादा ६ टक्के आहे. पावसाळी हवेत नुसत्या वाळवणीने ओलावा इतका खाली येत नाही. तेथे झिओलाइटचे मणी कामाला येतात.

साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या या मण्यात ॲल्युमिनियम व सिलिकॉनच्या ऑक्साइडची जाळी असते. तिची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची. (एका मिलिमीटरचे १ कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ अँगस्ट्रॉम!) पाण्याचा रेणू याहून किंचित लहान असल्याने आत शिरतो आणि जाळीतील विद्युतभार त्याला धरून ठेवतो. मोठे रेणू बाहेरच राहतात, म्हणून ही रेणूंची चाळणी. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतही पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलमधले शेवटचे पाणी अशाच मण्यांनी काढतात. चुनकळी एकदा विरली की संपली. मणी मात्र पाणी सोडून पुन्हा कामाला तयार होतो.

हिशेब सोपा आहे. १० टक्के ओलाव्याचे १ किलो बी ६ टक्क्यांवर आणायचे तर सुमारे ४३ ग्रॅम पाणी निघाले पाहिजे. मणी वजनाच्या २० टक्के पाणी घेतात असे धरल्यास सुमारे २१५ ग्रॅम मणी लागतील. ते पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून बियाण्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवावेत. नंतर मणी काढून डबा लगेच बंद करावा. उघड्या डब्यात मणी खोलीतल्या हवेचेच पाणी पीत बसतात.

वापरलेले मणी उन्हात टाकून कोरडे होत नाहीत. त्यांना २०० ते २५० अंश सेल्सिअस उष्णता दोन-तीन तास द्यावी लागते. माझ्या मते मणी गटाने घ्यावेत आणि गावच्या बेकरीच्या भट्टीत तापवून आणावेत. तापलेले मणी पत्र्याच्या हवाबंद डब्यातच निवू द्यावेत. गरम मणी बियाण्यात घालू नयेत. पुढच्या वापरापूर्वी चार-पाच मणी वाटीत घेऊन थेंबभर पाणी टाकावे. कोरडे मणी लगेच तापतात. थंडच राहिले तर ते पुन्हा भट्टीत घालावेत.