हॅम्लेट विचारतो कोणाला?

जगावं की सगळं संपवून टाकावं, हा हॅम्लेटचा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावानं हे नाटक मराठीत आणलं, शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्यातला हॅम्लेट गाजवला. पुढे १९७० मध्ये शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मुळे तोच प्रश्न अप्पा बेलवलकरांच्या तोंडून घराघरांत पोचला. आमच्या केळशीत तो पोचवला माझ्या काकांनी. उत्सवाच्या दिवसांत नाटक कोणतंही असो, मध्यंतरात काकांचं ते स्वगत व्हायचंच. लाउडस्पीकर बंद पडला तरी मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू जायचा.

रंगभूमीवर हे सोपं आहे. नट दोन पावलं पुढे येतो आणि प्रश्न आपल्यालाच विचारतो. सिनेमात समोर कॅमेरा. मग दिग्दर्शकाला ठरवावं लागतं, की हा माणूस बोलतोय कोणाशी?

लॉरेन्स ऑलिव्हिएनं १९४८ च्या चित्रपटात त्याला किल्ल्याच्या माथ्यावर बसवलं, खाली खवळलेला समुद्र. अर्धे शब्द मनातले, अर्धे तोंडाने. हातातला खंजीर निसटतो आणि समुद्रात पडतो. मूळ नाटकात ओफेलियाशी भांडण या स्वगतानंतर येतं. ऑलिव्हिएनं ते आधी घेतलं. त्यामुळे त्याचा हॅम्लेट मला थोडा प्रेमभंग झालेल्या तरुणासारखा वाटतो. देखणा आहे, पण समुद्र त्याने पडद्यासारखा मागे टांगलाय.

केनेथ ब्रानानं १९९६ मध्ये त्याला आरशासमोर उभं केलं. काच अशी, की पलीकडून राजा आणि पोलोनियस त्याला पाहताहेत. हे मूळ नाटकाला धरून आहे; तिथेही ते दोघे लपून ऐकतातच. प्रश्न स्वतःला विचारायचा आणि ऐकायचा शत्रूनं! विशाल भारद्वाजांच्या २०१४ च्या 'हैदर'मध्ये तर डोकं भादरलेला शाहिद कपूर श्रीनगरच्या चौकात, गळ्यात फास अडकवून, त्याच दोराचा माइक करून जमलेल्या लोकांना विचारतो. काकांना हा सगळ्यांत आवडला. साहजिकच आहे, समोर पब्लिक आहे ना!

रशियन दिग्दर्शक कोझिन्त्सेव्हचा १९६४ चा 'हॅम्लेट' मात्र मला बरीच वर्षं पटला नव्हता. स्मोक्तुनोव्स्की समुद्रकाठच्या खडकांतून नुसता चालतो. ओठ मिटलेले, आवाज मनातला. मी म्हणायचो, नटाचं हुकमी पान दिग्दर्शकानं काढून घेतलं.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर ज्यांनी ते पाहिलं, त्यांना वर्णन करून सांगायला नको. काकांच्या वाडीतल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, माड मुळासकट आडवे. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं जातात, माडाला त्याहून जास्त. काका तेव्हा पंचाहत्तरीचे.

ते रडले नाहीत, कोणाला दोष दिला नाही. रोज संध्याकाळी पुळणीवरून खाडीच्या तोंडापर्यंत चालत जायचे. ज्या माणसाचा आवाज माइकशिवाय अख्ख्या मांडवात पोचायचा, तो दिवसाला चार वाक्यं बोलेना. मला धास्ती वाटायची. काहीतरी निमित्त काढून मी शंभरेक पावलं मागे राहून चालत असे. त्यांच्या पाठीकडे बघताना तो रशियन हॅम्लेट आठवला. असा माणूस मोठ्याने बोलत नाही, हे कोझिन्त्सेव्हला ठाऊक होतं.

वीज यायला बरेच दिवस लागले. पुढे पाऊस ओसरल्यावर एका दुपारी मी हे चारही प्रवेश काकांना लॅपटॉपवर दाखवले. हैदरला त्यांनी मांडीवर थाप मारून दाद दिली. आरशाच्या वेळी म्हणाले, "उच्चार स्वच्छ आहेत हो." रशियन प्रवेश मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो त्यांनी दोनदा लावायला सांगितला.

"खरा आहे," ते म्हणाले. "पण एक राहिलं. ह्याच्या मागून कोणी चालत येतंय, ते दाखवलं नाही."

मी लॅपटॉप बंद केला. काकूनं चहा आणला होता, तो आम्ही घेतला. मग काकांनी रोपवाटिकेत पोफळीचा भाव काय चाललाय, ते विचारलं.