जुन्या डिझेल गाडीची टाकी : निचरा पाण्याचा, सफाई गाळाची

(रब्बी शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या विभागाचा माणूस डिझेलच्या टाकीवर बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, जमिनीत ओल असताना करावी, असे आम्ही दरवर्षी सांगतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. बियाणे आणायला निघालेली जीप वाटेत बंद पडली, किंवा रात्री भरलेली भाजी पहाटेच्या लिलावाला पोहोचली नाही, तर ते नुकसान शेवटी शेतीचेच असते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे अजून पुष्कळ जुन्या डिझेल जीप, सुमो आणि पिकअप गाड्या वापरात आहेत. त्यांचा फ्युएल पंप यांत्रिक असतो. ज्याला गॅरेजवाले सवयीने ‘मायको पंप’ म्हणतात, तो हाच. आज सांगितलेली माहिती अशा गाड्यांसाठी आहे. ट्रॅक्टरलाही ती बहुतांशी लागू पडते. नवीन कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब फार मोठा असतो. तेथे घरी पाना लावू नये, गाडी कंपनीच्या कारागिराकडेच न्यावी.

फिल्टर बदलून दुखणे जात नाही

गाडी सकाळी नीट सुरू होते. पाच-सात किलोमीटर चांगली चालते. मग चढावर दम तोडते, झटके देते आणि बंद पडते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू लागते. आपण फिल्टर बदलतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

याचे कारण साधे आहे. टाकीतील गाळ डिझेलच्या ओढीने नळीच्या तोंडावरील जाळीला चिकटतो. इंजिन थांबले की ओढ थांबते व गाळ पुन्हा तळाशी जातो. फिल्टर हा पहारेकरी आहे. चोर टाकीत बसलेला असताना पहारेकरी बदलून काय उपयोग?

मात्र टाकी खोलण्यापूर्वी एक बिनखर्चाची तपासणी करावी. गाडी दम तोडू लागली की रस्त्याच्या कडेला घेऊन टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुरळीत चालली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. ते साफ केले की काम झाले.

गाळ येतो कोठून?

डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर डिझेलचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आतच भरते. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी जाऊन बसते आणि तेथेच राहते. टाकी अर्धी रिकामी असली की तिच्यात हवा असते. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतील बाफ थेंब होऊन आत गळते. याशिवाय पावसात उघडे राहिलेले झाकण, ओला कॅन आणि ओले नरसाळे ही पाणी शिरण्याची नेहमीची कारणे आहेत.

पिकात पाणी साचले की मूळकूज येते, हे आपणास सांगायला नको. टाकीतही असेच घडते. तळाचे पाणी आणि वरचे डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. राहायला पाणी आणि खायला डिझेल, असा त्यांचा संसार असतो. त्यांच्या वाढीने काळपट, बुळबुळीत साका तयार होतो व आम्लही सुटते. आम्लाने आणि पाण्याने पत्रा गंजतो. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते साध्या डिझेलपेक्षा अधिक ओलावा धरते. त्यामुळे गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर जास्त दक्षता घ्यावी.

यांत्रिक पंपाला वंगण डिझेलचेच असते. त्यातील दट्ट्या व नळी यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते. पाण्याने तेथे गंज धरतो, तर गंजाच्या कणांनी चरे पडतात. टाकीच्या सफाईला एक दिवस लागतो, पंप बिघडल्यास मात्र मोठा खर्च अंगावर येतो.

आधी निदान, मग उपाय

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. सकाळी ती न हलवता टाकीच्या तळाचा बोल्ट थोडा सैल करून अर्धा लिटर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व तासभर न हलवता ठेवावे.

१) तळाशी नुसता पाण्याचा थर दिसला, तर पाण्याचा निचरा करून फिल्टर बदलणे बहुधा पुरेसे होते.

२) तळाशी तांबूस कण दिसले व ते लोहचुंबकाला चिकटले, तर टाकी आतून गंजली आहे.

३) पाणी व डिझेल यांच्यामध्ये काळसर, तंतुमय पापुद्रा दिसला, किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर जैविक वाढ झाली आहे. अशी टाकी उतरवून धुणे भाग आहे.

टाकी उतरविण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, म्हणून आपण त्याच्याशी फार सलगी करतो. भारतीय मानकानुसार, ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही ४० अंशांच्या वर तापमान जाते. तेव्हा हे काम सकाळच्या गारव्यात, उघड्यावर, सावलीत करावे. जवळ विडी-काडी, चूल, ग्राइंडर काहीही नसावे. वाळूची एक बादली हाताशी ठेवावी.

चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. बॅटरीची ऋण बाजूची वायर प्रथम सोडावी.

डिझेल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढू नये. ही सवय गावोगाव आहे आणि ती घातक आहे. डिझेलचा घोट फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते. चुकून पोटात गेल्यास ओकारी काढू नये, कारण ओकताना ते फुफ्फुसात जाते. रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. डिझेल काढण्यासाठी हातपंप वापरावा किंवा तळाचा बोल्ट काढावा.

सफाईची पद्धत

प्रथम निघणारे एक-दोन लिटर पाणी व गाळ वेगळ्या डब्यात घ्यावा. नंतरचे डिझेल स्वच्छ कॅनमध्ये भरून ठेवावे. ते दोन दिवस निवळू द्यावे व वरचे स्वच्छ असेल तेवढेच वापरावे.

पंपाकडे जाणारी नळी आणि परत येणारी नळी यांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधावा, म्हणजे जोडताना अदलाबदल होत नाही. काट्याची वायर व भरण्याची रबरी नळी सोडावी. पट्ट्यांचे बोल्ट काढताना दुसऱ्या माणसाने टाकी खालून धरावी. मग तरंगी व नळीच्या तोंडाची जाळी बाहेर काढावी.

साका असेल तर कोमट पाण्यात धुण्याची पावडर विरघळवून टाकी एकतृतीयांश भरावी. छिद्रे लाकडी गुट्ट्यांनी बंद करून टाकी सर्व बाजूंनी हलवावी आणि ओतून द्यावी. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. गंज सैल करण्यासाठी याच साबणाच्या पाण्यात मूठभर नट टाकून टाकी हलविता येते. नट मोजून टाकावेत आणि मोजूनच काढावेत. धुण्यासाठी पेट्रोल मुळीच वापरू नये.

साबण निघून जाईपर्यंत टाकी साध्या पाण्याने खळाळावी व तोंड खाली करून एक दिवस उन्हात वाळवावी. जाळ, शेगडी किंवा ब्लो लॅम्पने वाळवू नये. आत पाहण्यासाठी काडी किंवा वायरीवरचा बल्ब न वापरता बॅटरी बाहेर धरून उजेड टाकावा. पूर्ण वाळल्यावर दोन लिटर स्वच्छ डिझेलने टाकी एकदा खळाळून ते काढून टाकावे.

नळ्या दोन्ही टोकांनी सोडवून त्यांत हवा मारावी. तडकलेली रबरी नळी बदलावी, कारण तिच्यातून डिझेल गळले नाही तरी हवा आत शिरते. बंद टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरू नये, पत्रा फुटू शकतो.

टाकीला भोक असल्यास

गंज निघाल्यावर बारीक छिद्र दिसले, की ‘एक टाका मारून दे’ म्हणून आपण वेल्डिंगच्या दुकानात जातो. बंधूंनो, हे करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. सांध्यांत राहिलेले चार चमचे डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होते, ती टाकीतील हवेत मिसळते आणि ठिणगी लागताच टाकी बॉम्बसारखी फुटते. धुतलेली टाकीही याला अपवाद नाही. दुरुस्ती करायची तर टाकीतील वाफ पूर्ण काढण्याची सोय असलेल्या, याच कामाच्या जाणत्या कारागिराकडे द्यावी. नाहीतर टाकी बदलावी. टाकी पुन्हा विकत मिळते, माणूस मिळत नाही.

जोडणी आणि हवा काढणे

टाकी बसविल्यावर दोन्ही फिल्टर नवे घालावेत. टाकीत स्वच्छ डिझेल भरावे. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. हेच फ्युएल पंपावरील स्क्रूलाही करावे. तरीही गाडी सुरू झाली नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारावा लागतो. तेव्हा हात व चेहरा दूर ठेवावा. नोझलचा फवारा हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाचा असतो. तो सुईसारखा कातडीत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. गळती शोधण्यासाठी बोट कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर फिल्टर एकदा पुन्हा बदलावेत. टाकी कितीही धुतली तरी थोडा गाळ सुटून येतोच.

एक नेहमीचा प्रश्न

‘बुरशीच आहे, तर शेतातले बुरशीनाशक टाकले तर चालेल का?’ असे काही शेतकरी विचारतात. अजिबात टाकू नये. आपली बुरशीनाशके पाण्यात मिसळण्यासाठी बनविलेली असतात. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीत औषधाबरोबर मातीसारखे बारीक भरण द्रव्य असते, ते पंपाला घासून काढील. मोरचूदही टाकू नये. डिझेलसाठी वेगळी जंतुनाशके मिळतात, परंतु मेलेला साकाही फिल्टर बुजवतोच. म्हणून आधी धुणे, मग गरज वाटल्यास औषध, असा क्रम ठेवावा.

गाळाची विल्हेवाट

निघालेला गाळ व डिझेलमिश्रित पाणी ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डिझेल मुरलेल्या जमिनीत उगवण धड होत नाही आणि विहिरीच्या पाण्याला वास लागला की तो लवकर जात नाही. हे सर्व झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. सांडलेल्या डिझेलवर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा.

पुन्हा गाळ होऊ नये म्हणून

• टाकी सकाळऐवजी संध्याकाळी, काम संपल्यावर भरावी. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असल्यास टाकी काठोकाठ भरून ठेवावी.

• पंपावर टँकर खाली होत असताना डिझेल घेऊ नये, कारण त्या वेळी तेथील तळाचा गाळ ढवळलेला असतो.

• डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेले पिंप किंवा डबा वापरू नये. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साका बनतो.

• उघड्यावर उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री पिंप गार झाले की बुचातून आत ओढले जाते. पिंप छपराखाली, थोडे कलते ठेवावे. भरल्यावर एक दिवस निवळू द्यावे व तळाचे डिझेल गाडीत घालू नये.

• धोतराच्या किंवा साडीच्या फडक्याने डिझेल गाळू नये, त्याचे तंतू आत जातात. बारीक जाळीचे नरसाळे वापरावे.

• पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिल्टरखालील वाटीतील पाणी सोडावे. दरवर्षी पावसाळा संपला की बाटलीची तपासणी करावी.

बंधू-भगिनींनो, शेतातून पाण्याचा निचरा करण्यासाठी आपण चर काढतो. गाडीच्या टाकीला तो चर आधीच दिलेला आहे, तळाच्या बोल्टच्या रूपाने. पेरणीपूर्व कामांच्या यादीत त्या बोल्टचाही समावेश करावा आणि बोल्ट सोडण्यापूर्वी तोंडातील विडी विझवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.