उत्तर आले नाही तर?

ताप्तीकाठचे बऱ्हाणपूर हे मोगल अमदानीत आग्ऱ्याहून सुरतेस जाणाऱ्या वाटेवरचे मोठे ठाणे होते. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने निरनिराळ्या शहरांतून सुरतेवर होणाऱ्या हुंड्यांचे दर टिपून ठेवले आहेत. त्यांत बऱ्हाणपूरचा दर शेकडा अडीच ते तीन असा आहे.

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या पेढीला केलेली मागणीच. ती वाटेत गहाळ झाली तर काय करावयाचे? त्यासाठी सावकारांनी पेठ काढली. पेठ म्हणजे हरवलेल्या हुंडीची दुसरी प्रत. मूळ हुंडी पटली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत, अशी तिची अट असे. पेठही हरवली तर परपेठ. कागद तीन झाले, तरी देणे एकच राही.

हे आज आठवावयाचे कारण असे की, संगणकांच्या आपसातील पत्रव्यवहारात हाच पेच रोज पडतो. मोठ्या कार्यालयाचे काम आता एकच आज्ञावली करीत नाही. एक मागणी नोंदवते, दुसरी साठा पाहते, तिसरी पैसे घेते. या सेवा एकमेकींशी थेट बोलू लागल्या की एक थांबताच दुसरीही खोळंबते. म्हणून मध्ये एक टपालघर ठेवतात. त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात. रॅबिटएमक्यू हा त्यांतला एक नामांकित, २००७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला. विचारणारी सेवा आपला निरोप तेथे टाकते, करणारी सेवा सवडीने तो उचलते.

निरोप एकतर्फी असला तर एवढ्यावर भागते. उत्तर हवे असले म्हणजे मात्र पाकिटावर दोन गोष्टी लिहाव्या लागतात : उत्तर कोणत्या पेटीत टाकावे, आणि ते कोणत्या प्रश्नाचे आहे याचा क्रमांक. तो क्रमांक उत्तर देणाऱ्याने जसाच्या तसा परत लिहावयाचा असतो. आपल्या जुन्या पत्रांत ‘पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला’ असा आरंभ असे. तो निव्वळ शिष्टाचार नव्हता. शंभर प्रश्न एकदम पाठवणाऱ्याला उत्तरे उलटसुलट क्रमाने मिळणार. त्यांची जोडी जुळवावयास दुसरे साधन नाही.

खरी अडचण पुढेच आहे. उत्तर आलेच नाही तर? कदाचित प्रश्नच पोहोचला नसेल. कदाचित पोहोचला, पण काम अर्ध्यावर मोडले असेल. किंवा काम पुरे झाले आणि फक्त उत्तर हरवले असेल. विचारणाऱ्याला या तिन्ही स्थिती सारख्याच दिसतात. मध्यस्थ ठेवला की ही चिंता मिटते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खोटी आहे. पोच न मिळाल्यास मध्यस्थ तोच निरोप पुन्हा देतो, म्हणजे करणाऱ्याच्या हाती तो दोनदाही पडू शकतो. ठरलेली मुदत संपताच पडद्यावर ‘अयशस्वी’ असे छापणारे प्रोग्रामर माझ्या मते असत्य बोलतात. त्यांना ठाऊक असते ते इतकेच की, अजून कळलेले नाही.

उपाय पेठेचाच. पुन्हा विचारावे, पण जुन्याच क्रमांकाने. आणि करणाऱ्याने पुरे केलेल्या क्रमांकांची वही ठेवावी. क्रमांक वहीत सापडला तर काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. नवा क्रमांक घातला की ती नवी हुंडी झाली, आणि पैसे दोनदा गेले.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयची घडण अशीच आहे. तेथे मध्यस्थ म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ. मागणी पोहोचताच मिळते ती फक्त पोच; खरे उत्तर त्याच व्यवहार-क्रमांकासह मागाहून स्वतंत्रपणे येते. ते न आल्यास आधीच्या व्यवहाराचे काय झाले हे विचारण्यासाठी वेगळा निरोप ठेवलेला आहे. खात्यातून रक्कम वजा झाली पण समोर जमा झाली नाही, तर व्यक्तीला पाठवलेली रक्कम व्यवहारानंतर एका दिवसात, दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

बऱ्हाणपुरात आज यंत्रमागांचा खडखडाट आहे. सूत घ्यावयास आलेल्या मागवाल्याच्या फोनवर ‘प्रलंबित’ असे अक्षर उमटते, तेव्हा दुकानदार म्हणतो, ‘पुन्हा पाठवा.’ हा सल्ला मागवाल्याने मानू नये. फोनवरून पुन्हा पाठवलेल्या रकमेला नवा क्रमांक पडतो. त्याने जुन्या क्रमांकाची चौकशी करावी, आणि निकाल कळेतो सुताचे गठ्ठे दुकानातच राहू द्यावेत.