पोवळ्यांचा संसार



आजचा विषय जाहीर झाल्यापासून पुष्कळांनी आम्हांस विचारले की, पोवळी तर अंगठीत बसवितात. ती काचेच्या टाकीत कशी वाढवावयाची? प्रश्न रास्त आहे. अंगठीतले तांबडे पोवळे म्हणजे बहुधा भूमध्य समुद्रातल्या एका जीवाचा सांगाडा. अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिग्ली या इटालियन पंडिताने याच पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या, तेव्हा त्यांवर आठ-आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. पोवळे ही वनस्पती ठरली! पुढे पेसोनेल नावाच्या मार्सेच्या वैद्याने सांगितले की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. परंतु त्याचे म्हणणे विद्वानांच्या गळी उतरावयास बरीच वर्षे लागली.

आज टाकी मांडणारा नवखा माणूस मार्सिग्लीच्याच वाटेने जातो. झाडाप्रमाणे पोवळ्याला उजेड आणि पाणी दिले की झाले, असे तो समजतो. यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच घोटाळा होतो. आपण टाकीत ठेवतो त्या बहुतेक पोवळ्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवितो. हा दोघांचा संसार आहे. पाणी फार तापले की तो मोडतो. शैवल बाहेर पडते, पोवळे पांढरेफटक होते आणि तसेच राहिले तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपच्या प्रवाळभिंतींवर 1998, 2010 आणि 2016 साली हे घडले. नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंशच अधिक उष्णता काही आठवडे टिकली तरी तेवढे पुरते.

तेव्हा टाकीत सांभाळावयाचे ते पाणी. पोवळे आपले आपण सांभाळते. आणि पाण्याचा मुख्य गुण म्हणजे ते काल होते तसेच आज असणे. लहान टाकी स्वस्त पडते म्हणून लोक तिच्यापासून आरंभ करतात. आमच्या मते हे उलटे आहे. पाणी थोडे असले की ते लवकर तापते, लवकर खारट होते आणि लवकर बिघडते. दोनशे लिटरांची टाकी नवख्याला अधिक क्षमाशील.

दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे दोनशे लिटरांना 7 किलो झाले. हे क्षार स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी द्रव्ये समुद्रातल्या प्रमाणात असली पाहिजेत, म्हणून टाकीसाठी मुद्दाम बनविलेले मीठच आणावे व ते गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात कालवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, कधी तांब्याचा अंशही असतो. आणि तांबे हे या जीवांना विष आहे. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते हेही ध्यानात ठेवावे.

आता उन्हाळा. टाकीचे पाणी 25 ते 27 अंशांवर राहावे. मुंबई-पुण्याच्या वैशाखात हे कसे साधावयाचे? मोठी यंत्रे आहेत, महागही आहेत. परंतु माठाचे पाणी का गार होते हे ज्या घरात ठाऊक आहे तेथे उपाय सांगावयास नको. पाण्याच्या पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मात्र उडते ते पाणी, मीठ नव्हे. दोनशे लिटरांतले दहा लिटर उडाले की 35 चे जवळजवळ 37 होतात. ही तूट रोजच्या रोज, आणि गोड्या पाण्याने भरावी. खारे पाणी ओतणारा आपल्या हाताने मीठ चढवीत असतो. कोंदट पावसाळी हवेत मात्र पंख्याचा हा उपाय लंगडा पडतो.

टाकी मांडली की दुसऱ्या दिवशी पोवळे आणण्याची घाई होते. मासे व इतर जीव यांच्या मलातून अमोनिया होतो. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला येण्यास महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकी रिकामी दिसते आणि पाहुणे चेष्टा करतात. करू द्यावी. पुढेही कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम असावे वगैरे आकडे पुस्तकांत सापडतात आणि ते खरेही आहेत; पण आकडा थोडा चुकलेला असून स्थिर असला तर पोवळे निभावून नेते. सकाळी एक द्रव्य ओतून संध्याकाळी दुसरे ओतणाऱ्याच्या घरी ते टिकत नाही. चामड्यासारखे दिसणारे मऊ पोवळे मधूनच चार-आठ दिवस मिटून बसते व अंगावरची पातळ साल टाकते. तो आजार नव्हे. पण तेवढ्यात मालक तीन औषधे घालून मोकळा झालेला असतो!

पोवळे आणावयाचे कोठून? येथे हौसेला थांबविणारी गोष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारी सर्व कठीण पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी व समुद्रपंखे आहेत. वाघाला जे संरक्षण तेच यांना. मालवणच्या समुद्रातून एक तुकडा खिशात घालून आणणे हा गुन्हा आहे. परदेशी चित्रांत दिसणाऱ्या शाखादार पोवळ्यांचा मोह आपल्याकडे सोडावा. यात आम्हांस दुःख वाटत नाही. ती नवख्याच्या हाती टिकतही नाहीत. कुकुरमुत्त्यासारखी चपटी, बटणांच्या झुपक्यासारखी आणि चामड्यासारखी मऊ अशी जाती नवख्यास योग्य. तीही समुद्रातून खरवडून आणलेली नकोत. दुकानदाराला सरळ विचारावे, आणि तो उत्तर टाळू लागला तर रिकाम्या हाताने परत यावे.

बटण-पोवळ्यांविषयी एक इशारा. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. ती हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा, आणि ती चिकटलेला दगड स्वच्छ करण्यासाठी उकळत्या पाण्यात कदापि टाकू नये. वाफेबरोबर विष श्वासात जाते व घरातली सगळी माणसे अंथरुणाला खिळतात.

मऊ पोवळे धारदार पात्याने कापता येते. तुकडा दगडाशी सैलसा बांधला की तो काही आठवड्यांत स्वतः चिकटतो, आणि मूळ पोवळ्याची जखमही भरते. हौशी मंडळी असे तुकडे एकमेकांस देतात. समुद्राला हात न लावता टाक्या भरतात त्या अशाच. आपल्याला कोणी असा तुकडा दिला तर त्याची पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवून उष्णता सारखी होऊ द्यावी, मग तीत थोडे थोडे टाकीचे पाणी घालीत अर्धा-एक तास घालवावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. तुकडा पहिल्याने तळाशी, मंद उजेडात ठेवावा आणि पंधरा-वीस दिवसांत हळूहळू वर न्यावा.