कर्करोग्याची वेदना आणि कायदा

(यवतमाळ येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगासारख्या विषयावर एका वकिलाने बोलावे याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. औषधोपचार हा डॉक्टरांचा प्रांत. तेथे काळ्या डगल्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या देशात कर्करोग्याची वेदना आणि ती शमविणारे औषध यांच्यामध्ये जी भिंत अनेक वर्षे उभी होती, ती कायद्याने बांधली होती. पुढे कायद्यानेच त्या भिंतीला दार पाडले. ते दार आहे, हेच आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक नाही. यास्तव मी हा विषय घेतला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात तोंडाचा कर्करोग कोणास अपरिचित आहे? सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेल्या खर्ऱ्याची पुडी वणीपासून उमरखेडपर्यंत पानठेल्यापानठेल्यावर मिळते. कापूस वेचणाऱ्या बाया आणि निंदणाला जाणारी माणसे भूक मारण्यासाठी तो गालात धरतात. पुढे गालात चट्टा पडतो, तोंड उघडेनासे होते, आणि तरीही हंगाम आटोपल्यावर दवाखान्यात जाऊ असे म्हणून दिवस काढले जातात. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या व स्तनाच्या कर्करोगाची कथा याहून फारशी निराळी नाही. तेथे लज्जा आड येते. मग यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेथून सेवाग्राम किंवा नागपूर अशी पायपीट सुरू होते. कित्येकांच्या बाबतीत रोग हाताबाहेर गेलेला असतो, आणि एके दिवशी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात: "घरी न्या, सेवा करा."

या चार शब्दांचा अर्थ आपण काय लावतो, यावर त्या माणसाचे उरलेले दिवस अवलंबून असतात. बहुतेक घरे 'आता काही करावयाचे उरले नाही' असा अर्थ लावतात. जखमेला दुर्गंधी येऊ लागते. पोरांना जवळ जाऊ देत नाहीत. ताट-पेला निराळा होतो, आणि अखेर आजाऱ्याची बाज ओसरीतून गोठ्यात जाते. शतकानुशतके ज्यांना अंगणाबाहेर उभे केले गेले, त्यांच्याच घरात बापाची बाज गोठ्यात जावी, हे मला पाहवत नाही. कर्करोग शिवण्याने, जवळ बसण्याने, एका ताटात जेवण्याने होत नाही. राहिली दुर्गंधी. जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडाझोल नावाच्या स्वस्त गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर टाकली असता ती पुष्कळ कमी होते. इतकी साधी गोष्ट न सांगितली गेल्यामुळे किती माणसे एकटी मेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

रोग बरा होवो वा न होवो, रोग्याची वेदना, दम लागणे, उलटी, जखम, झोप नसणे, मनाची भीती आणि घरच्यांची ओढाताण यांवर पद्धतशीर उपाय करणे, या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण तिला उपशामक सेवा म्हणू. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी आधी परिचारिकेचे, नंतर रुग्णालयातील समाजसेविकेचे काम केले, मग त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे रुग्णालय उघडले. आपल्या राज्यात १९८६ साली मुंबईत वांद्र्यास शांती आवेदना सदन सुरू झाले. पुण्यास वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून चालू आहे. ही सेवा केवळ शेवटच्या आठवड्यासाठी आहे, हा समज चुकीचा आहे. बोस्टन येथे फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून उपशामक सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले. इतकेच काय, ते इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. तेव्हा ही सेवा मागणे म्हणजे हात टेकणे, असे कृपा करून समजू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी दोन एकर कोरडवाहूचा मालक असलेला एक वृद्ध मृत्युपत्र करण्यासाठी माझ्याकडे आला होता. जबड्याचा कर्करोग होता. मसुदा वाचून होईपर्यंत त्यास बसवेना. त्याच्या मुलाच्या सदऱ्याच्या खिशात मॉर्फिनच्या गोळ्यांची चिठ्ठी होती, आणि ती अकरा दिवस तशीच होती. तीन औषध दुकानदारांनी त्यास परत पाठविले; चौथ्याने पोलिसांचे भय घातले. ती घडी पडलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून मुलाने विचारले, "वकीलसाहेब, हे औषध घरी ठेवलं तर आमाले धरतीन का?"

बापाच्या वेदनेवरचे औषध घरात ठेवण्यासाठी मुलाला वकिलाची परवानगी विचारावी लागावी, ही स्थिती कशी आली ते ऐका.

मॉर्फिन अफूपासून निघते. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी 'गुंगीकारक औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ' या विषयीचा अधिनियम अंमलात आला. हेतू व्यसनाच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्याचा होता, आणि तो योग्यच होता. वैद्यकीय उपयोगास त्या अधिनियमानेही मनाई केलेली नव्हती; कलम ८ वाचून पाहावे. परंतु गुन्ह्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आणि रुग्णालयास एका गोळीसाठी चार-पाच खात्यांचे परवाने! शेवटचा परवाना हाती येईतो पहिल्याची मुदत संपत असे. परिणाम असा झाला, की देशात वर्षाकाठी सुमारे ६०० किलो मॉर्फिन वापरले जात होते, ते १९९७ साली १८ किलोवर आले. आणि याच काळात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवीत होते, नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जात होती आणि तेथून परदेशी रवाना होत होती. परदेशातील रोग्यांच्या वेदना आपल्या शेतातल्या अफूने शमल्या. नीमचहून आगगाडीने एका दिवसाच्या अंतरावरील विदर्भातला रोगी मात्र कण्हत राहिला.

केरळातील डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अन्यायाविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली. २००७ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०१४ साली संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग निर्माण झाला, आणि मे २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधे त्यात घालण्यात आली. आता रुग्णालयास राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता पुरते. डॉक्टरने लिहून दिलेले आणि रीतसर मिळालेले औषध रुग्णाच्या घरी असणे हा गुन्हा नाही. त्या मुलास मी हेच सांगितले आणि चिठ्ठी व रुग्णालयाची कागदपत्रे गोळ्यांबरोबर ठेवावयास सांगितले. औषध अखेर नागपूरहून मिळाले. गोळी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी वडिलांनी दुधात कुस्करलेली भाकर मागितली, असे त्याने नंतर मला कळविले.

मॉर्फिनविषयी घराघरांत तीन-चार शंका असतात. ते घेतल्याने माणूस लवकर मरतो, ही पहिली. योग्य मात्रेत घेतल्याने तसे होत नाही. पहिले एक-दोन दिवस ग्लानी वा मळमळ येते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहते, म्हणून रेचक बरोबरीने द्यावेच लागते. व्यसन लागेल, ही दुसरी. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्यांत तसे क्वचितच घडते. आणि वेदना असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी देणे, ही तर सर्वांत मोठी चूक. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितलेली रीत अशी, की शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळ पाहून औषध द्यावे. साधी गोळी दर चार तासांनी द्यावयाची असते, ती रोगी ओरडत नसला तरीही. ओरडत नाही, कारण मागची गोळी काम करीत आहे.

एक शंका खास आपल्या घरांतील आहे. पंचशील घेतलेल्या माणसाने अफूचे औषध घ्यावे काय? पाचवे शील प्रमादास कारण होणाऱ्या नशेपासून दूर राहण्याचे आहे. वेदनेने ज्याचे चित्त क्षणभरही ठिकाणावर राहत नाही, त्यास स्वस्थ करणाऱ्या औषधास नशा म्हणणे हा शब्दाचा कीस काढणे होय. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जखंधक नावाचा औषधांचा भाग आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूस वातविकार झाला, तेव्हा मद्य घालून उकळलेले तेल औषध म्हणून घेण्यास तथागतांनी अनुमती दिली. अट इतकीच, की मद्याचा रंग, गंध व चव जाणवू नये. भिक्खूंस जी सूट होती, ती आपल्या आजारी आईस का नसावी? वेदना हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, ते भोगूनच सरते, असे कोणी अजूनही म्हणत असेल, तर त्यास मी एवढेच विचारीन, की दाढ दुखली असता तो कोठे जातो?

आता हक्काविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकारात प्रतिष्ठेने मरण्याचाही अधिकार येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात ठरविले. शुद्धीवर असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयी लेखी निर्देश करून ठेवता येतो. २०२३ च्या आदेशानंतर त्यास दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. परंतु खरे सांगावयाचे, तर आपल्या लोकांपुढे कृत्रिम यंत्रे काढण्याचा प्रश्न क्वचितच येतो. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो गोळीचा, आणि एस.टी.च्या भाड्याचा. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उपचारार्थ जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास रेल्वेत भाड्याची मोठी सवलत आहे; डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दुसरी, संजय गांधी निराधार अनुदान योजना. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील कर्करोगी तिला पात्र ठरतो. २०२३ साली तिचे अनुदान महिना १५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा. रोगी गेल्यावर मंजुरीपत्र आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तेव्हा निदान होताच अर्ज करा.

केरळात ही सेवा घरोघर पोहोचली, ती केवळ सरकारी हुकमाने पोहोचलेली नाही. १९९३ साली कालिकतला एका संस्थेने आरंभ केला; पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावच्या शिक्षकांनी, मजुरांनी, गृहिणींनी आठवड्यातून काही तास देण्याचे ठरविले आणि त्यांना शिकवून तयार केले गेले. २००८ साली राज्याने धोरण केले, तोवर माणसे तयार होती. आपल्या वस्त्यांतही महिला मंडळे आहेत, आशाताई आहेत. जखम धुणे, कूस बदलणे, गोळ्यांची वेळ वहीत लिहिणे, हे शिकण्यास पदवी लागत नाही.

आणि सरकारी बाजूने काय करावयाचे? केंद्राने २०१८ पासून गावपातळीच्या आरोग्य केंद्रांसाठी ठरविलेल्या बारा सेवांत उपशामक सेवेचे नाव आहे. नाव आहे, तर ती मागता येते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयास मॉर्फिनसाठी मान्यता आहे काय, प्रशिक्षित डॉक्टर कोण, गोळ्यांचा साठा आज किती, हे तीन प्रश्न माहिती अधिकाराखाली साध्या कागदावर लिहा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे, आणि प्रश्न एखाद्याच्या जीविताचा असेल तर ४८ तासांत. रोगी घरात कण्हत असेल, तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसे स्पष्ट लिहा. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि दुसरीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.